आपले रोजचे अन्न आणि रक्ताभिसरण

(अकोला येथे भरलेल्या आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आरोग्याच्या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेला आणि त्यानंतर अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना पाढे व बाराखडी शिकविणारा मी एक सामान्य शिक्षक आहे. परंतु ज्या विषयाने माझ्या घरात दुःख आणले, त्या विषयाचा अभ्यास मनुष्य परीक्षेसाठी करीत नाही, तर प्रायश्चित्त म्हणून करतो. तसा थोडासा अभ्यास माझ्या हातून घडला आहे. तो आपणांपुढे ठेवण्याची अनुज्ञा असावी.

आरंभीच एक गोष्ट कबूल करतो. आपला समाज तेल्यांचा. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे महाराज आपल्याच व्यवसायातले. माझ्या वडिलांची अकोट तालुक्यातील एका खेड्यात बैलघाणी होती, आणि तिच्या करकरीत आवाजावर मी लहानाचा मोठा झालो. आणि आज मीच आपणांस, इतर काही गोष्टींबरोबर, "तेल मोजून खा" असे सांगावयास उभा राहिलो आहे. हे ऐकून स्वर्गातील वडिलांना काय वाटेल, हे मी जाणत नाही. पण मला आठवते की, आमच्या घरात तेल पिपाने असूनही आई भाजीला फोडणी देताना ते पळीने मोजूनच घालीत असे. विकण्याच्या वस्तूची किंमत विकणाऱ्यास अधिक ठाऊक असते, हेच खरे.

रक्ताभिसरण म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपल्यासारख्यांनी फार दूर जाण्याचे कारण नाही. घाण्याचा बैल जेथून निघतो तेथेच परत येतो, आणि त्याच्या त्या फेऱ्यांवर सारे घर चालते. रक्ताचेही तसेच आहे. हृदयातून निघालेले रक्त साऱ्या देहाला अन्न व प्राणवायू पोचवून पुन्हा हृदयाकडेच येते, फुप्फुसांत शुद्ध होते आणि पुन्हा निघते. ही गोष्ट विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टराने १६२८ साली ग्रंथ लिहून सप्रमाण सिद्ध केली. हृदय मिनिटाला सत्तर ठोके देते असे धरले, तर दिवसाचे एक लाखाहून अधिक ठोके होतात. मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ते पुढे ढकलते. म्हणजे दिवसाकाठी सात हजार लिटर! बैलाला दुपारी सोडून चारा-पाणी देता येते. या बैलाला जन्मापासून मरणापर्यंत सुट्टी नाही. त्याच्या वाटेत आपण दगड तरी टाकू नयेत, एवढेच आपल्या हाती आहे.

आता ज्या वाटेने रक्त फिरते त्या रक्तवाहिन्यांविषयी. पुष्कळांची समजूत अशी की, रक्तवाहिन्या म्हणजे नळासारख्या निर्जीव नळ्या. तसे नाही. त्या सजीव आहेत, प्रसंगाप्रमाणे रुंद होतात व आक्रसतात. त्यांच्या आतील नाजूक अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक वायू सूक्ष्म प्रमाणात निर्माण होतो, आणि त्याच्या योगाने वाहिनी सैल पडून रक्ताला वाट मिळते. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे अस्तर खराब झाले की वाहिनी ताठर होते, तिच्या भिंतीत चरबीचा थर साचू लागतो, आणि पाटात गाळ बसल्यावर शेवटच्या वाफ्याला जसे पाणी पोचत नाही तसे हृदयाला, मेंदूला किंवा पायांना रक्त पोचेनासे होते. अस्तर बिघडविणारे चार वैरी आहेत : वाढलेला रक्तदाब, तंबाखू, रक्तातील जादा साखर आणि रक्तातील जादा चरबी.

हे वैरी किती जवळ येऊन ठेपले आहेत, पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत शेकडा ३५ हून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब आणि शेकडा ११ हून अधिक प्रौढांना मधुमेह असल्याचे आढळले. या मंडपात तीनशे प्रौढ मंडळी बसली असतील, तर या हिशेबाने त्यांपैकी शंभरांना रक्तदाबाचा विकार आहे. त्यांतील कित्येकांना तो असल्याचे ठाऊकही नसेल. कारण हा विकार दुखत नाही, खुपत नाही, आणि एके दिवशी अकस्मात दार मोडून आत येतो.

आता माझी स्वतःची हकीकत. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी माझ्या पोटऱ्या दुखू लागल्या. बसथांब्यापासून शाळा चार फर्लांग होती. दोनशे पावले चाललो की उजवी पोटरी वळत असे, थांबलो की दुखणे थांबे, चाललो की पुन्हा सुरू. मी त्याला वात समजून वर्षभर तिळाचे तेल चोळीत बसलो. शेवटी अमरावतीच्या एका डॉक्टरांनी माझ्या पावलावरची नाडी चाचपून पाहिली, रक्तदाब मोजला आणि विचारले, "गुरुजी, तंबाखू किती वर्षे?" मी मान खाली घातली. वर्गात मुलांना आरोग्याचे नियम शिकविताना माझ्या खिशात खऱ्र्याची पुडी असे. रक्तदाब १७० वर १०० भरला. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खर्रा सोडावयास लावला, रोज दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालण्यास सांगितले आणि आहार बदलावयास सांगितले. आज मी न थांबता दोन मैल चालतो.

परंतु मला सांगावयाची आहे ती दुसरी हकीकत. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते गावीच राहिले. त्यांनाही रक्तदाब होता व गोळी चालू होती. माझी प्रकृती सुधारल्यावर मी उत्साहाने त्यांच्याकडे गेलो आणि एका वर्तमानपत्रातील लेखाचे कात्रण वाचून दाखविले की, लसणाने रक्त पातळ राहते व रक्तदाब उतरतो. दादा रोज सकाळी लसणाच्या पाकळ्या चावून खाऊ लागले. पुढे चार-पाच महिन्यांनी मी पुन्हा गेलो आणि सहज गोळीची विचारपूस केली. तेव्हा ते हसून म्हणाले, "लसूण चालू हाये न बाप्पा, मंग गोयी कायले पायजे?" मी तेव्हा त्यांना खडसावून सांगावयास हवे होते. वडील भावाला काय बोलावे, म्हणून मी अर्धवट बोलून गप्प राहिलो. त्याच वर्षी पौष महिन्यात एका पहाटे त्यांचे तोंड वाकडे झाले व उजवे अंग लुळे पडले. घरच्यांनी आधी अंगारा व मालीश केले, दुपारी वाहन मिळाले, आणि अकोल्यास पोचेपर्यंत उपचाराची वेळ निघून गेली होती. दादा त्यानंतर दोन वर्षे जगले, परंतु त्यांना बोलता आले नाही. मी भेटावयास गेलो की ते डाव्या हाताने माझा हात धरीत. त्या हाताच्या पकडीत राग होता की माया, हे मला आजतागायत कळलेले नाही.

म्हणून बंधुभगिनींनो, मी आज अन्नाचे गुण सांगणार आहे ते जपून सांगणार आहे. अन्न हे औषधाचा साथीदार आहे, औषधाचा वारसदार नव्हे. ही एक ओळ घरी नेलीत आणि बाकीचे सारे भाषण येथेच विसरलात तरी मी धन्य होईन.

आता आपल्या वऱ्हाडच्या ताटाकडे वळू. ईश्वरकृपेने हे ताट मुळात चांगले आहे. ते आपणच बिघडविले आहे.

पहिला मान ज्वारीच्या भाकरीचा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतुमय भाग असतो. हा चोथा पोटात साखर सावकाश उतरू देतो आणि रक्तातील चरबी आटोक्यात ठेवण्यास हातभार लावतो. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची पोळीही या बाबतीत वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वाईट आहे तो मैदा, आणि वाईट आहे ती भाकरीविषयी आपल्या मनात शिरलेली लाज. माझ्या लहानपणी पोळी सणाला व भाकर रोजला असे. मला मास्तरकी लागली आणि पगाराच्या ऐटीत मी घरातून भाकर हद्दपार केली. सोयाबीन आले तसे शिवारातून ज्वारीही हटत गेली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि आपली भाकर शहरातील मोठ्या उपाहारगृहांत मानाने जाऊन बसली. तिला आपल्या घरात परत बोलावण्यास काय हरकत आहे? सकाळी ज्वारीच्या कण्या किंवा अंबील, रात्री भाकर, एवढे केले तरी पुरे.

दुसरे वरण. तूर ही तर आपल्या काळ्या मातीची लेक. तूर, मूग, उडीद, हरभरा, मटकी यांत प्रथिने आहेत, चोथा आहे आणि पोटॅशियम नावाचे क्षार आहेत. मीठ रक्तदाब वाढविते, तर पोटॅशियम त्याला उतार देते. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फळे, भाज्या, कमी स्निग्धांशाचे दूधदुभते व कडधान्ये यांवर भर असलेला आहार लोकांना काही आठवडे दिला. ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा सरासरीने सुमारे ११ अंकांनी उतरला. त्या आहाराला त्यांनी मोठे नाव दिले आहे. मी त्याचे वर्णन वाचले तेव्हा मला वाटले, हे तर आमच्या आईचे वरण, भाजी, भाकर आणि ताक!

तिसऱ्या पालेभाज्या. मघाशी नायट्रिक ऑक्साइडचा उल्लेख केला. पालक, मेथी, चवळी, राजगिरा अशा पालेभाज्यांत व बीटकंदात नायट्रेट नावाचा घटक असतो. जिभेवरील सूक्ष्म जंतू त्याचे रूपांतर करतात, व पुढे देहात त्यापासून तोच वाहिन्या सैल करणारा वायू तयार होतो. निसर्गाची ही केवढी योजना! आपल्याकडे अंबाडी आहे, शेवग्याचा पाला आहे, पावसाळ्यात तरोटा आहे, उन्हाळ्यात घोळ व चिवळ आहे. घोळीच्या भाजीत तर जवसाच्या जातीची उपयुक्त चरबीही थोडी असते. ज्या भाज्या बांधावर फुकट मिळतात त्यांना आपण गरिबांच्या भाज्या म्हणून टाकून दिले. पाला खुडणाऱ्या आजीबाई अजून गावात आहेत तोवर सुनांनी व नातींनी त्यांच्याकडून ओळख करून घ्यावी. ओळख मेली की भाजीही मेलीच.

चौथा जवस. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण जवस, करडई व तीळ ही आपल्या घाणीची धान्ये. जवसाच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-तीन जातीच्या चरबीचा असतो. वनस्पतिजन्य अन्नात इतके प्रमाण क्वचितच आढळते. माझ्यासारख्याच, म्हणजे पायांच्या वाहिन्या अरुंद झालेल्या ११० रोग्यांवर कॅनडातील विनिपेग येथे एक प्रयोग झाला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना रोज ३० ग्रॅम दळलेले जवस खाद्यपदार्थांत मिसळून दिले. सहा महिन्यांनी त्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी कमी भरला. त्यांनी नेहमीची औषधे सोडली नव्हती, हेही ध्यानात ठेवावे. एका प्रयोगाने सारे सिद्ध होत नाही. पण जी चटणी आपल्या आजीने पाट्यावर वाटली तिची विचारपूस सातासमुद्रापलीकडे झाली, याचा आनंद कोणास होणार नाही?

जवस खाताना तीन गोष्टी पाळाव्या. एक, अख्खे जवस गिळू नये. ते जसेच्या तसे बाहेर पडते. मंद भाजून कुटावे. दोन, एकदम महिन्याची चटणी करू नये, कारण कुटलेले जवस लवकर खवट होते. आठवड्यापुरती करून झाकून ठेवावी. तीन, जवसाचे तेल कढईत तापवून तळणास वापरू नये. ते उष्णता सोसत नाही. भाकरीवर किंवा चटणीवर कच्चे घ्यावे. रोज एक ते दोन चमचे कूट सामान्य माणसास पुरेसे आहे. आणि चटणीत मीठ बेताचे, नाही तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल.

पाचवा लसूण. त्याचा गुण खरा आहे, परंतु लहान आहे. निरनिराळ्या प्रयोगांचा मेळ घातला तर उच्च रक्तदाब असलेल्यांत तो काही अंकांनी उतरतो असे दिसते. ठेच्यात, चटणीत, फोडणीत लसूण अवश्य असावा. गोळीच्या जागी मात्र तो कधीही असू नये. ज्यांना रक्त पातळ करणारे औषध चालू आहे किंवा ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनी मुद्दाम जास्त लसूण खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. याहून अधिक मी लसणाविषयी बोलू शकत नाही. कारण आपण जाणता.

सहावी संत्री. वरुड व मोर्शीच्या बागांची संत्री देशभर जातात, आणि बागाईतदाराच्या घरची मुले बाटलीतले रंगीत पाणी पितात, असे चित्र मी पाहिले आहे. संत्र्यातील क जीवनसत्त्व अन्नातील लोह रक्तात शोषले जाण्यास मदत करते. फोडीवरची पांढरी साल अगदी स्वच्छ सोलून टाकू नये. वाहिन्यांना हितकर असे काही घटक तिच्यात असतात. रस काढून चोथा फेकण्यापेक्षा फळच खावे, व मधुमेह्यांनी तर अवश्य तसेच करावे.

येथे माताभगिनींसाठी एक शब्द. रक्त नुसते फिरून भागत नाही, त्यात सत्त्वही हवे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांच्या रक्तात सत्त्व कमी आढळले. निम्म्याहून अधिक! याचे एक कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. घरातील स्त्री सर्वांच्या मागून जेवते, आणि तोवर वरण पातळ झालेले व भाजीची कढई खरवडलेली असते. पुरुष मंडळींनो, बायको-मुलींना आपल्या पंगतीस बसवा. पालेभाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणाच्या मागून लगेच चहा घेऊ नका, कारण चहा लोहाला अडवितो.

आता ताट बिघडले कोठे, ते पाहू. मी गणिताचा शिक्षक, म्हणून हिशेबानेच सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात साधारण २००० कॅलरींच्या आहारात एका माणसाला दिवसाला तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. म्हणजे महिन्याला ८१० ग्रॅम. चार माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो. या हिशेबाने १५ किलोचा तेलाचा डबा चार माणसांना साडेचार महिने पुरला पाहिजे. आपल्या घरी तो किती दिवस पुरतो, हे प्रत्येकाने आज रात्री घरी जाऊन विचारावे. उत्तर मला सांगू नये, स्वतःस सांगावे. आणि "आमचे तेल घाणीचे आहे, त्याचा अपाय नाही" ही पळवाट काढू नये. घाणीचे तेल चवीला उत्तम असते, परंतु एका ग्रॅमला नऊ कॅलरी हा हिशेब लाकडी घाणीलाही लागू आहे आणि यंत्रालाही.

तसेच मिठाचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ सांगते. चार माणसांना एक किलोचा पुडा पन्नास दिवस पुरावा. परंतु लोणचे, पापड, कुरड्या, शेव, चिवडा व बाजारची पाकिटे यांतले मीठ पुड्यात मोजले जात नाही. आपल्या ठेच्याला लोक उगाच नावे ठेवतात. ठेच्यात रक्तवाहिन्यांना दोष मिरचीचा नसतो, मिठाचा असतो. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा शेतात घाम गाळणाऱ्याला पाणी, ताक व थोडे मीठ लागते, हे खरे. पण पंख्याखाली बसून हिशेब लिहिणाऱ्याने शेतकऱ्याचे मीठ खाऊ नये.

तिसरा बिघाड तळणाच्या कढईत आहे. वनस्पती तूप आमच्या तरुणपणी प्रतिष्ठेचे मानले जाई. लग्नात ते नसले तर यजमान कंजूष ठरे. त्यात जी विकृत जातीची चरबी असते ती वाहिन्यांना अत्यंत घातक आहे, असे पुढे सिद्ध झाले, आणि २०२२ च्या जानेवारीपासून आपल्या देशात तिचे प्रमाण कायद्याने शेकडा दोनच्या आत आणले गेले. परंतु तेच ते तेल पुन्हा पुन्हा उकळविले तरी त्यात अपायकारक द्रव्ये वाढत जातात. काळे झालेले तेल दिव्यात घालावे, पोटात नव्हे.

आणि चौथा बिघाड अन्न नव्हेच, तरी तोंडातच जातो. तो म्हणजे खर्रा. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, आणि आपण सुपारी-तंबाखू घोटून त्याचा धाकटा भाऊ गल्लोगल्ली उभा केला. तंबाखूतील निकोटिन वाहिन्या आवळते व हृदयाला दौडवते. सारी जवसाची चटणी एका बाजूला आणि एक पुडी दुसऱ्या बाजूला ठेवली, तर पारडे पुडीचेच खाली जाईल. मी एकवीस वर्षे ती खाल्ली आहे. सोडणे कठीण आहे, परंतु सुटते.

व्यायामाविषयी लांबण लावीत नाही. १९१४ पासून अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे असताना वऱ्हाडच्या माणसाला व्यायामाचे महत्त्व दुसऱ्याने काय सांगावे? पोटरीचे स्नायू चालताना पायांतील रक्त वर ढकलतात. म्हणून रोज अर्धा तास चालावे, एवढेच.

काही सावधगिरीच्या सूचना. ज्यांचे मूत्रपिंड अशक्त आहे त्यांनी पालेभाज्या, फळे व कडधान्ये डॉक्टरांना विचारून खावी, कारण पोटॅशियम त्यांना जड जाते. रक्त न गोठण्यासाठी ज्यांना वॉरफॅरिनसारखी गोळी चालू आहे, त्यांनी पालेभाजी एक दिवस भाराभर व एक दिवस मुळीच नाही असे करू नये, रोज सारखीच ठेवावी. आणि छातीत दाबल्यासारखे दुखले, घाम फुटला, तोंड वाकडे झाले, हात उचलेनासा झाला किंवा बोलणे अडखळले, तर लसूण नको, अंगारा नको, मालीश नको. तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. आमच्या दादांना अकोल्यास पोचावयास नऊ तास लागले.

शेवटी मंडळाकडे माझी नम्र विनंती आहे. गेल्या वर्षी याच संमेलनात आपण पुऱ्या, भजी, बुंदी व चिवडा असे भोजन केले, आणि मंडपाच्या दाराशी खऱ्र्याची टपरी जोरात चालली. पुढील वर्षी पंगतीत ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताक आणि वरुडचे एकेक संत्रे असावे. गोड म्हणून थोडा शिरा असावा, मी इतका कठोर नाही. टपरी मंडपापासून दूर असावी. आणि प्रवेशद्वाराशी एक टेबल मांडून आपल्याच समाजातील डॉक्टर मुलामुलींनी येणाऱ्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा. त्या टेबलाचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. भोजन साधे झाले म्हणून आपला मान कमी होईल असे ज्यांना वाटते, त्यांना मी एवढेच विचारतो की, फुटक्या मडक्यात भाकर घेऊन खाणाऱ्या गाडगेबाबांचा मान या अमरावती जिल्ह्यात कधी कमी झाला काय?

घाणीचा बैल थकला की माझे वडील त्याच्या मानेवरून हात फिरवीत, आणि त्याला पेंड घातल्याशिवाय स्वतः जेवीत नसत. आपल्या छातीतला बैल मुका आहे. तो मागत नाही, म्हणून आपणच त्याची आठवण ठेवावी. आणि घरात कोणी वडील भाऊ गोळी चुकवीत असेल, तर त्याच्या मोठेपणाची भीड धरू नये. आजच बोलावे.

  जय संताजी!